युनिक्सचे दप्तर राखले कोणी? मालकांनी नव्हे

१.
संगणकाच्या इतिहासाची एक बखर जगभर सांगितली जाते. एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घडवली, उदार मनाने ती विद्यापीठांना वाटली, आणि त्या दानातून पुढे लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली जन्मल्या. बखर ऐकायला गोड आहे. अस्सल कागद मात्र वेगळे बोलतात. या धाग्यात त्याच कागदांची उलटतपासणी आहे.

२.
प्रथम शब्द स्पष्ट असावेत. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्याचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. ते आकडे यंत्र निमूटपणे चालवते. पण रचना कोणी केली, अमुकच मार्ग का निवडला, कोठे चूक झाली, याची साक्ष त्यांत जवळजवळ उरत नाही. शिजलेल्या आमटीवरून तिची कृती पूर्ण उलगडत नाही, तसेच हे. ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा उभी करायची, तिच्यात दुरुस्ती करायची किंवा तिचा इतिहास लिहायचा, तर सोर्स कोडच हवा.

३.
बखरीचे तीन दावे आहेत. पहिला: युनिक्सचा प्रसार हे कंपनीचे औदार्य होते. दुसरा: पुढे कंपनीने कोड बंद केला, तो तिचा हक्क होता आणि त्यात कोणाचे नुकसान झाले नाही. तिसरा: आज हा कोड सर्वांना पाहता येतो, म्हणजे इतिहास सुखरूप आहे. तिन्ही दावे कागदांपुढे टिकत नाहीत.

४.
पहिला दावा. १९४९ मध्ये अमेरिकी सरकारने एटी अँड टीविरुद्ध मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९५६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. दूरध्वनीची मक्तेदारी कंपनीकडे राहिली, पण तिचा व्यवसाय दळणवळणाच्या चौकटीत बांधला गेला आणि आपली पेटंटे इतरांना परवान्याने देण्याचे बंधन तिच्यावर आले. संगणकप्रणाली विकण्याच्या धंद्यात उतरायला तिला वाव उरला नाही. युनिक्सचा जन्म या हुकूमनाम्यानंतर १३ वर्षांनी झाला.

५.
१९६९ मध्ये बेल लॅब्जने मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर न्यू जर्सीतील मरे हिल येथे केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या तेव्हाही जुन्या ठरलेल्या यंत्रावर नवी प्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांचे सहकारी. १९७१ च्या नोव्हेंबरात पहिल्या आवृत्तीची नियमपुस्तिका निघाली. १९७३ मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. १९७४ मध्ये थॉम्प्सन आणि रिची यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांतून मागण्या येऊ लागल्या.

६.
कंपनीने विद्यापीठांना नाममात्र शुल्कात सोर्स कोड दिला, हे खरे. पण कोणत्या अटींवर? जाहिरात नाही, मदत नाही, चुकांची दुरुस्ती नाही, पैसे मात्र आगाऊ. विकता न येणारी वस्तू जबाबदारी न घेता देऊन टाकणे, एवढेच हे औदार्य. परिणाम मोठा झाला. कंपनी दुरुस्ती करणार नाही म्हटल्यावर वापरणाऱ्यांनी स्वतः कोड वाचला, चुका शोधल्या आणि दुरुस्त्यांच्या फिती एकमेकांना पाठवल्या. युनिक्सची पहिली पिढी या परस्परांच्या मदतीवर पोसली गेली. श्रेय द्यायचे तर मक्तेदारीला लगाम घालणाऱ्या हुकूमनाम्याला आणि या निनावी वाचकांना द्यावे.

७.
दुसरा दावा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे प्राध्यापक होते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल सुमारे ९,००० ओळींचा होता, म्हणजे एका माणसाला एका सत्रात वाचता येईल एवढा. लायन्स यांनी तो नीट मांडून ओळींना क्रमांक दिले आणि १९७७ च्या सुमारास त्यावर टीका लिहिली. टीका हा शब्द येथे आपल्या जुन्या अर्थाने घ्यावा: मूळ संहिता समोर ठेवून शब्दन् शब्द उलगडणारे भाष्य. एका चालत्या ऑपरेटिंग सिस्टीमचे अंतरंग विद्यार्थ्यांसमोर इतके उघडे क्वचितच ठेवले गेले होते.

८.
१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास मनाई केली. युनिक्सची बाजारातील किंमत कंपनीला एव्हाना कळू लागली होती. एका फटक्यात जगभरच्या विद्यापीठांतील एक जिवंत अभ्यासविषय बंद झाला. लायन्स यांचे भाष्यही परवानाधारकांपुरते कोंडले गेले.

९.
मग जे घडले ते ग्रंथांच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. भाष्याच्या प्रती झेरॉक्स होऊ लागल्या. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. अक्षरे पुसट होत गेली, तरी प्रती हातोहात फिरत राहिल्या. पुस्तक उघडपणे छापले गेले १९९६ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी. लायन्स यांचे निधन १९९८ मध्ये झाले. ज्या ग्रंथाने अभ्यासकांची एक पिढी घडवली, तो बहुतेक काळ चोरून वाचावा लागला. यात कोणाचे नुकसान झाले नाही, असे म्हणणाऱ्याने त्या पुसट प्रती एकदा पाहाव्यात.

१०.
या कोडमधील एक टिपणी पुढे प्रसिद्ध झाली. एक प्रक्रिया थांबवून दुसरी सुरू करण्याच्या अवघड जागी, हे वाचणाऱ्याला समजावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाचे वाक्य लिहिलेले आहे. अनेकांनी त्यात गर्व पाहिला. रिची यांनी नंतर खुलासा केला की सूर वेगळा होता: हा भाग परीक्षेला नाही, असे शिक्षक म्हणतात, तसा. मूळ संहिता उपलब्ध होती आणि लिहिणारे हयात होते, म्हणूनच या वाक्याचा अर्थ लागला. संहिता बंद आणि लेखक दिवंगत, अशा स्थितीत इतिहासकाराच्या हाती फक्त तर्क राहतो.

११.
बंदीचा आणखी एक परिणाम पाहावा. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना वर्गात शिकवायला कोड उरला नाही. तेव्हा त्यांनी मिनिक्स ही छोटी प्रणाली स्वतः लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्सवर काम करत लिनक्सचा आरंभ केला. लिनक्सच्या वंशावळीत दानापेक्षा बंदीचा वाटा मोठा आहे. बखर हे सांगत नाही.

१२.
१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन झाले. स्थानिक दूरध्वनीसेवा वेगळी झाली आणि १९५६ ची बेडीही गळाली. युनिक्स आता उघडपणे विकता येऊ लागली आणि सोर्स कोडच्या परवान्याची किंमत चढत गेली. औदार्य हा जर स्वभाव असता, तर बेडी निघाल्यावर तो अधिक खुलला असता. निघाला तो दर वाढवण्याचा उत्साह.

१३.
दरम्यान कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत बिल जॉय आणि इतरांनी युनिक्सवर एवढी भर घातली होती की बीएसडी ही स्वतंत्र शाखाच झाली. इंटरनेटचे नियम पाळणारा जो कोड पुढे अनेक यंत्रांत पोहोचला, तो या शाखेतला. पण बीएसडी मिळवायची तर आधी एटी अँड टीचा परवाना हवा, कारण आत जुन्या कोडचे अंश होते. नव्या इमारतीत जायला जुन्या वाड्याच्या मालकाला भाडे द्यायचे, असा हा प्रकार.

१४.
बर्कलीतील कीथ बॉस्टिक यांनी उपाय सुचवला: मूळ कोड न पाहता, केवळ प्रसिद्ध वर्णनांवरून सर्व उपयुक्त प्रोग्रॅम नव्याने लिहायचे. शेकडो स्वयंसेवकांनी ते लिहिले. मोबदला एवढाच की नावांच्या यादीत आपले नाव. मग बॉस्टिक, माइक कॅरल्स आणि कर्क मॅक्युसिक यांनी कर्नलची फाइल अन् फाइल तपासून जुना कोड वेगळा केला. अखेर फक्त ६ फाइली उरल्या. १९९१ च्या जूनमध्ये त्या वगळून बाकी सर्व प्रसिद्ध झाले. बिल जोलिट्झ यांनी त्या ६ फाइलींना पर्याय लिहिले आणि घरगुती संगणकावर चालणारी पूर्ण प्रणाली उभी राहिली.

१५.
१९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीज या कंपनीने, हा कोड विकणाऱ्या बीएसडीआय या नव्या कंपनीवर खटला भरला. पुढे विद्यापीठालाही त्यात ओढले. १९९३ मध्ये न्यायालयाने तातडीची मनाई नाकारली. जुन्या ३२व्ही आवृत्तीच्या प्रती कॉपीराइटच्या सूचनेविना वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे मालकीचा दावाच डळमळीत आहे, असे न्यायाधीशांना दिसले. विद्यापीठाने उलट दावा केला: बर्कलीचा कोड कंपनीने आपल्या प्रणालीत घेतला, पण परवान्यानुसार द्यायचे श्रेय दिले नाही.

१६.
१९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी काढाव्या लागल्या फक्त ३. काहींत किरकोळ बदल झाले आणि सुमारे ७० फाइलींवर कंपनीची कॉपीराइट सूचना लावली गेली. एवढ्यासाठी दोन वर्षे एका पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमवर संशयाची छाया राहिली. ३८६बीएसडी वेळेवर हाती आली असती, तर लिनक्स कदाचित लिहिलीच नसती, असे टॉरवाल्ड्स यांनी स्वतः म्हटले आहे. तडजोडीच्या अटीही गुप्त ठेवल्या गेल्या. सार्वजनिक विद्यापीठाने केलेला हा करार लोकांना वाचायला मिळाला तो २००४ मध्ये.

१७.
येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कंपनीने पगार दिले, यंत्रे दिली; मग फळावर तिचा हक्क नको का? हक्क असावा. लिहिणाऱ्याला आणि पैसा लावणाऱ्याला काही काळ मोबदला मिळावा, यात वाद नाही. वाद आहे तो दोन गोष्टींवर. विकण्याचा हक्क म्हणजे वाचू न देण्याचा हक्क, असे कोणी ठरवले? आणि ज्याच्याकडे मालकी, त्याच्यावर जतनाची जबाबदारी का नाही?

१८.
मालकीची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९९३ मध्ये युनिक्स नॉव्हेलकडे गेली, १९९५ मध्ये तिचा व्यवसाय सांता क्रूझ ऑपरेशनकडे, २००१ मध्ये तेथून कॅल्डेराकडे. कॅल्डेराने पुढे एससीओ हे नाव घेतले आणि २००३ मध्ये लिनक्समध्ये आपला कोड शिरल्याचा आरोप करून आयबीएमवर खटला भरला. २०१० मध्ये ज्यूरीने निकाल दिला की युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेलकडून कधी हस्तांतरित झालेच नव्हते. मालकी कोणाची, हे ठरवायला जेथे १५ वर्षे लागतात, तेथे जतन करायला मालकाला वेळ कोठून मिळणार?

१९.
मग हे दप्तर राखले कोणी? ऑस्ट्रेलियातील वॉरन टूमी आणि त्यांच्यासोबतच्या हौशी मंडळींनी १९९० च्या दशकात जुन्या फिती गोळा करायला सुरुवात केली. त्यातूनच युनिक्स हेरिटेज सोसायटी उभी राहिली. त्यांच्या विनंतीअर्जांनंतर १९९८ मध्ये १०० डॉलरचा परवाना मिळू लागला. २००२ च्या जानेवारीत कॅल्डेराने जुन्या आवृत्त्या खुल्या परवान्याखाली दिल्या. आठव्या ते दहाव्या आवृत्तीबाबत अव्यापारी वापरावर हक्क न बजावण्याचे आश्वासन मिळायला २०१७ उजाडले. या परवानग्या आल्या तेव्हा जतन करण्याजोगे काही शिल्लक होते, ते केवळ कोणीतरी परवानगीची वाट न पाहता फिती कपाटात ठेवल्या होत्या म्हणून.

२०.
तिसरा दावा: आता सर्व सुखरूप आहे. तसे असते तर पहिल्या आवृत्तीचा सोर्स कोड पूर्ण उपलब्ध असता. तो नाही. १९७२ च्या एका अंतर्गत दस्तऐवजात त्या काळच्या कर्नलची छापील संहिता होती. ती स्कॅन झाली आणि २००८ मध्ये स्वयंसेवकांनी पानांवरून अक्षर अन् अक्षर उतरवून घेतले. कर्नल मिळाला, पण त्यासोबतचे बाकीचे प्रोग्रॅम नव्हते. ते त्याच सुमाराच्या, रिची यांच्याकडून आलेल्या जुन्या फितींवरून घ्यावे लागले. तेव्हा कोठे १९७२ ची युनिक्स आजच्या संगणकावरील नक्कलयंत्रात पुन्हा उठून बसली. पीडीपी-७ वरील मूळ युनिक्सही २०१६ मध्ये अशाच छापील पानांवरून उभी राहिली.

२१.
चौथ्या आवृत्तीची गोष्ट तर कालपरवाची. १९७३ ची ही आवृत्ती, कर्नल सी भाषेत असलेली पहिली, पूर्ण रूपात कोणाकडेच नाही असे मानले जात होते. २०२५ मध्ये युटा विद्यापीठातील साठवणीची खोली आवरताना एक चुंबकीय फीत सापडली. ती कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये नेण्यात आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिच्यावरील मजकूर वाचला गेला. संगणकयुगाचा एक मूलग्रंथ ५२ वर्षे एका अडगळीत होता. खोली आवरणाऱ्याने फीत कचऱ्यात टाकली असती, तर कोणाला कळलेही नसते. याला सुखरूप म्हणत नाहीत. याला नशीब म्हणतात.

२२.
शिवाय कोड हाती आला म्हणजे प्रणाली उभी राहिली, असे नाही. त्या काळचा कंपायलर हवा, बांधणीच्या सूचना हव्यात, यंत्राची माहिती हवी. थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापले गेले, दाखवून दिले की बिघडवलेला कंपायलर निर्दोष सोर्स कोडमधूनही सदोष प्रोग्रॅम काढू शकतो आणि मजकूर कितीही वाचला तरी ते दिसत नाही. जीएनयू परवाना लिहिणाऱ्यांना बांधणीचे मोल ठाऊक होते. १९९१ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोडच्या व्याख्येतच बांधणी आणि स्थापना करणाऱ्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. नुसती संहिता देऊन बांधणीच्या सूचना दडवणे म्हणजे कुलूपबंद पेटी देऊन किल्ली खिशात ठेवणे.

२३.
कायदा काय करतो? अमेरिकेत कंपनीच्या कामावरील कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षे चालू शकतो. चुंबकीय फितीचे आयुष्य त्याच्या निम्मेही गृहीत धरता येत नाही. म्हणजे हक्क संपेपर्यंत वस्तूच संपते. नोंदणीची पद्धत आणखी उद्बोधक आहे: प्रोग्रॅमची नोंद करताना साधारणपणे पहिली २५ आणि शेवटची २५ पाने सादर करायची, व्यापारी गुपित असेल तर त्यातला काही भाग काळा करूनही चालतो. समाज शतकभराचे संरक्षण देतो. बदल्यात त्याच्या हाती ५० पाने पडतात, तीही अर्धवट.

२४.
म्हणून मागणी साधी आहे. ज्याला संरक्षण हवे, त्याने पूर्ण सोर्स कोड, कंपायलर आणि बांधणीच्या सूचनांसह, सार्वजनिक ग्रंथालयात मोहोरबंद ठेवावा. विक्री थांबल्यावर, किंवा ठरावीक वर्षांनी, मोहोर उघडावी. व्यापाराला यात धक्का नाही. मल्टिक्सचा कोड २००७ मध्ये खुला झाला, एमएस-डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा २०१४ मध्ये, ॲपल लिसाचा २०२३ मध्ये. कोणत्याही कंपनीचे दिवाळे निघाले नाही. पण हे सर्व मर्जीवर झाले. इतिहासाची साधने मर्जीवर सोडली की काय उरते, हे जळलेल्या आणि वाळवीने खाल्लेल्या दप्तरांचा अनुभव असलेल्या समाजाला सांगायला नको.

२५.
आज शासनाचे, बँकांचे, रुग्णालयांचे व्यवहार ज्या प्रणालींवर चालतात, त्या उद्याच्या इतिहासकाराची साधने आहेत. त्यांपैकी किती पुन्हा उभ्या करता येतील, हे त्यांचा कोड आज कोण वाचू शकतो, यावर अवलंबून आहे. युनिक्सच्या बाबतीत उत्तर मिळाले ते नियम मोडून झेरॉक्स काढणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे, कागदांच्या गठ्ठ्यांतून संहिता उतरवणाऱ्या हौशी माणसांमुळे आणि फीत टाकून न देणाऱ्या एखाद्या अनाम कर्मचाऱ्यामुळे. बखरीत त्यांची नावे नाहीत. इतिहास लिहायचा तर आरंभ त्यांच्यापासून करावा लागेल.